मीठ बरोबर हाये

इसरू खानसामा भित्रा होता, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की सांगणाऱ्यानं लपवलं. वाघाला भ्यायचा म्हणावं तर त्या मुलखात वाघाला सगळेच भितात, त्यात नवल काय? पण इसरू साहेबाच्या बुटांच्या आवाजाला भ्यायचा, दूध फाटेल म्हणून भ्यायचा, भट्टीतला निखारा विझेल म्हणून भ्यायचा आणि जास्त फुलला तरी भ्यायचा. त्याची बायको बुधरी म्हणायची, "तुमी पाटावर बसता तेबी पाटाले विचारून." पण वीस वर्षांत त्याच्या हातून एक पदार्थ करपला नाही, तो या भीतीमुळेच. बेफिकीर माणसाच्या हातचं कधी जेवून पाहा, मग कळेल.

सिंदेवाहीपासून आठ-नऊ कोसांवर, सागाच्या दाट रानात तो डाकबंगला होता. बंगल्यामागे तीस पावलांवर कौलारू रांधणघर, आणि त्यात भिंतीला लागून मातीची मोठी भट्टी. इंग्रजांच्या वेळच्या एका म्हाताऱ्या मद्रासी खानसाम्यानं ती बांधली होती. त्यानंच इसरूला हाताशी धरून सगळं शिकवलं. जाताना एकच गोष्ट बजावून गेला, की बाबा, बाकी काही विसर, पाटरोस विसरू नको. साहेब लोक दुसरं काही खातील आणि विसरतील. पाटरोस खाल्ला की खानसाम्याचं नाव विचारतात.

पाटरोस म्हणजे मोठ्या जनावराच्या खांद्याचं मांस. तुकडे करायचे नाहीत. अख्खा लगदाच्या लगदा तुपात चहूबाजूंनी लाल करायचा, जाड बुडाच्या पातेल्यात कांद्याच्या थरावर बसवायचा, मिरी, तमालपत्र, लसूण घालायचा, बुडाशी दोन पेले पाणी, आणि झाकणाची फट कणकेनं लिंपून पातेलं भट्टीत सरकवायचं. अडीच तासांनी कणीक फोडून झाकण उघडायचं, गाजर, सलगम, बटाटे आत सोडायचे, मीठ चाखून पाहायचं, आणि पुन्हा लिंपून दीड तास. घाई केली की मांस चामड्यासारखं होतं. घाई इसरूच्या स्वभावातच नव्हती.

अडचण होती ती चाखण्याची. अठरा वर्षांपूर्वी इसरू तापानं महिनाभर अंथरुणाला खिळला होता. लोकांनी सरणाची लाकडंही बघून ठेवली होती म्हणे. तेव्हा मारकंडीच्या जत्रेहून परतणारा एक भगत गावात थांबला. त्यानं इसरूच्या गळ्यात मण्यांची माळ घातली आणि सांगितलं, आजपासून मांस नाही, मासळी नाही, दारू नाही. ही माळ आहे तोवर तू आहेस. चौथ्या दिवशी ताप उतरला. इसरूनं माळ काढली नाही आणि मांस तोंडाला लावलं नाही. पण पोट तर मांस शिजवूनच भरायचं होतं! मग चाखायचं काम बुधरीकडे आलं.

बुधरीची चाखायची एक रीत होती. पळीत रस्सा घ्यायची, भट्टीच्या कोपऱ्याकडे तोंड फिरवायची, पदर तोंडापुढे धरायची. नवऱ्यासमोर तोंड हलवायचं नाही, हे तिला माहेरी शिकवलेलं. क्षणभर थांबायची, आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "मीठ बरोबर हाये." अठरा वर्षांत तिनं कधी कमी म्हटलं नाही की जास्त म्हटलं नाही. इसरूला बायकोचा नाही म्हटलं तरी अभिमान होता, आणि आपल्या हाताचा तर होताच. साहेब लोक जेवताना मीठदाणी मागायचे आणि भुरभुरवायचे, ती त्यांची रीत असावी असं तो समजून होता. एक मात्र त्याला कळत नसे. भट्टीच्या त्या कोपऱ्यात, राखेजवळ, बारमाही मुंग्यांची रांग असायची. "काय सांडतेस वो तिथी?" म्हणून तो कुरकुरायचा, आणि बुधरी केरसुणी घेऊन झाडून टाकायची.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात डोंगरात लोखंडाचा दगड शोधायला एक विलायती साहेब आला आणि बंगल्यात उतरला. पाचव्या दिवशी त्यानं व्यवस्था बघणाऱ्या गुणवंतरावांना सांगितलं, की कोंबडी खाऊन आता त्याला अंगावर पिसं फुटतील. मोठ्याचं मांस पाहिजे, गाजरं-बटाटे घालून, त्याची आई करायची तसं. गुणवंतराव घरचे माळकरी. ते रांधणघराच्या दारात उभे राहून, आत न येता म्हणाले, "इसरू, रविवारी रात्री सातला ते जेवण टेबलावर पाहिजे. कुठून आणतोस ते मला सांगू नको. मी विचारलं तरी सांगू नको."

आणायचं कुठून? गाईबैलाचं नाव काढायची सोय नव्हती, कायदा झाला होता. म्हशीचं मांस बाजाराच्या दिवशी मिळे, आणि पुढचा बाजार रविवारनंतर. इसरूची झोप उडाली. आणि रविवारी सकाळी, उन्हं नुकतीच सागाच्या शेंड्यावर आली असताना, गुराखी कोलू खांद्यावर पळसाच्या पानांत गुंडाळलेलं मोठं गाठोडं घेऊन दारात उभा राहिला.

"घे गा इसरूभाऊ. पुढचा खांदा हाये. पहाटे नाल्यात वाघानं देवाजीची म्हैस मारली. म्या हाकारलं, तो बाजूले झाला, म्या कुऱ्हाड चालवली."

रानातल्या गावांना यात वावगं काही वाटत नाही. वाघानं मारलेलं जनावर ताजंच असतं. वाघ मागून खायला लागतो, पुढचं तसंच राहतं. गावकरी आरडाओरडा करून त्यातलं आणतात. फक्त एक रीत पाळायची. काळजाचा तुकडा पानावर ठेवायचा आणि म्हणायचं, तुझं तुले, आमचं आमाले.

"काळीज ठेवलं का?" इसरूनं विचारलं.

"ठेवलं ना. मले काय मरायचं हाये?"

"अन् देवाजीले विचारलं?"

"मेल्या म्हशीचं त्याले काय करायचं हाये? तो थोडीच खाते." कोलूनं मान आपल्यासाठी ठेवली होती. तो बिडी मागून निघून गेला.

इसरूनं खांदा धुतला. मांसात दोन खोल चिरे होते, बोटभर रुंद. कोलूच्या कुऱ्हाडीचे असतील, असं त्याच्या मनात आलं आणि बरंच वाटलं, कारण लसूण भरायला चिरे पाडावेच लागतात. त्यानं त्या दोन चिऱ्यांतच लसूण दाबून भरला. बाराच्या सुमाराला पातेलं भट्टीत गेलं. अडीचला कणीक फोडली तेव्हा वासानं रांधणघर भरून गेलं. त्यानं भाज्या सोडल्या, अंदाजानं मीठ टाकलं. बुधरीनं पळीत रस्सा घेतला, कोपऱ्याकडे वळली, पदर धरला.

"मीठ बरोबर हाये," ती म्हणाली.

त्यानं झाकण पुन्हा लिंपलं. बुधरी वालाच्या शेंगा निवडायला बाहेर विहिरीपाशी जाऊन बसली.

तासाभरानं देवाजी आला. गावातला धानवाला कुणबी, वय पन्नाशीचं, बोलायला ताठ. आज मात्र त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात विळा तसाच. दारातून आत येऊन त्यानं नाक वर करून वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

"इसरूभाऊ," तो म्हणाला. देवाजीनं इसरूला कधी भाऊ म्हटलं नव्हतं. "भट्टीत काय हाये?"

इसरू उठून उभा राहिला. म्हशीचा मालक भांडायला आला असं त्याला वाटलं. "साहेबाचं जेवण हाये, देवाजीभाऊ. कोलूनं आणलं. तुमाले विचारलं नाई, चूक झाली."

"खांदा हाये ना? पुढचा?"

"हो."

देवाजी खाली बसला, उंबऱ्यावरच. "चौथं जनावर खाल्लं त्या वाघानं माझं. चौथं. डोकं फिरलं गा माझं. ब्रह्मपुरीच्या बाजारातून उंदीर मारायचा सोमल आणून ठेवला होता. दिवस उगवायच्या आत नाल्यात गेलो, म्हशीच्या अंगाले विळ्यानं चिरे पाडले, अन् भरला. म्हटलं, संध्याकाळी खायले येईल अन् तिथीच पडेल. आता पाहाले गेलो तं खांदा नाई. मोठ्याचं मांस इथीच लागते, म्हणून आलो."

"कुठी भरला?" इसरूला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"मागच्या मांडीत."

"अन् पुढं?"

देवाजीनं विळ्याच्या पात्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आठवत नाई. वाघ जवळच होता, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. हात थरथरत होते. पुढंबी दोन चिरे मारले असं वाटते. नाई मारले असंबी वाटते. सरकारी जंगल हाये, म्हणून कोणाले बोललो नाई."

दोन चिरे. इसरूची बोटं आपोआप मिटली. याच बोटांनी त्यानं लसूण दाबला होता.

भित्रा माणूस संकटात गळून जातो असं लोक समजतात. तसं नसतं. त्याला मनातल्या मनात रोज संकटं पाहायची सवय असते, त्यामुळे खरं संकट आलं की त्याचे हात आधी हलतात. "कोलूच्या घरी मान गेली हाये," इसरू म्हणाला. "पळा. शिजवली असेल तं खाऊ देऊ नका. खाल्ली असेल तं मले येऊन सांगा." देवाजी उठून धावत सुटला. इसरूनं भट्टीतले निखारे ओढून काढले. साहेबाला हे जाणार नाही, एवढं तर ठरलंच. एक कोंबडी कापायची, रोस करपला म्हणायचं, बोलणी खायची. आणि मग त्याला ते आठवलं, जे आधीच आठवायला हवं होतं. बुधरीनं चाखलं होतं.

तो दारात आला. विहिरीपाशी बुधरी मांडीवर सूप घेऊन बसली होती. शेंग मोडायची, दाणे सुपात, टरफल बाजूला. तिनं मोठी जांभई दिली.  सोमल लगेच मारत नाही, हे त्यानं ऐकलं होतं. चव नसते, वास नसतो. तास जातो, दोन तास जातात, मग पोटात आग पडते, उलट्या, जुलाब, आणि पायात गोळे येऊन माणूस पिळून जातो. एक पळी रस्सा. एका पळीत किती असेल? दवाखाना सिंदेवाहीला, आणि तिकडे जाणारी मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी.

तिला सांगावं का? इसरूच्या मामाला धामण चावली होती. धामणीला विष नसतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कोणीतरी नाग म्हणून ओरडलं आणि मामा अर्ध्या तासात भीतीनंच गेला. इसरू लहान होता तेव्हा, मामाचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं. त्यानं ठरवलं, सांगायचं नाही.

त्यानं दुधाचा पेला भरला, त्यात तूप सोडलं आणि बाहेर गेला. "हे पी."

बुधरीनं पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "साहेबाच्या गोडधोडाचं दूध हाये ते."

"असू दे. पी."

"आज काय उगवलं गा पश्चिमेकडून? मले भूक नाई."

"भूक काऊन नाई?" त्याचा आवाज चिरकला. "पोट दुखते का?"

"कायले दुखंल? वाल निवडून राह्यली मी, मले कामात दूध कायले देता?" पण त्याचा चेहरा बघून तिनं दोन घोट घेतले. बाकीचं दूध तिनं पळसाच्या पानाखाली झाकून ठेवलं, साहेबासाठी. इसरूनं तिला मिठाचं पाणी प्यायला सांगितलं, तेव्हा मात्र तिनं सूप खाली ठेवलं. "अवो, तुमचं डोकं तं ठीक हाये ना? मिठाचं पाणी कायले पिऊ? मले काय ओकायचं हाये?"

"साहेबाले कोंबडी करायची हाये," तो म्हणाला. दुसरं काही सुचेना. "रोस करपला."

"करपला? वास तं कसा गोड येऊन राह्यला." ती त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. मग उठली आणि रांधणघरामागे पाणंदीकडे गेली, हातात तांब्या घेऊन.

तिकडे ती का गेली असेल? एरवी हा प्रश्नच पडला नसता. इसरूनं कोंबडी कापली, साफ केली, मसाला लावला, चुलीवर चढवली, सवयीनं मीठ टाकलं, आणि सगळा वेळ त्याचे कान पाणंदीकडे. ती परत आली तेव्हा कपाळ पुसत होती. थंडीच्या दिवसांत घाम! "तुले घाम आला," तो म्हणाला. "तांब्यातलं पाणी हाये," ती म्हणाली आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसली. पण आता ती एक शेंग मोडायची आणि एकदा रांधणघराकडे पाहायची.

उन्हं उतरली. नाल्याच्या बाजूनं चितळ ओरडलं, एकदा, दोनदा, मग गप्प झालं. वाघ आपल्या म्हशीकडे निघाला होता.

इसरू भट्टीसमोर उकिडवा बसला. त्याला आपल्या खोपटातली रात्र दिसायला लागली, एकट्याची. बुधरीशिवाय दिवा कुठे ठेवतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. अठरा वर्षं तो माळ घालून पवित्र राहिला, आणि जे आपल्या तोंडात घालायचं नाही ते त्यानं रोज बायकोच्या तोंडात घातलं. व्रत त्याचं आणि तोंड तिचं. हा कुठला न्याय? आज विष आलं तेही तिच्याच वाट्याला आलं, आणि हा माळकरी धडधाकट बसला आहे. त्याला आपली इतकी शरम वाटली की भीती जराशी मागे सरली.

मग त्यानं जे केलं ते भित्र्या माणसानंच करावं. एकटं मागे राहायची भीती मरायच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. त्यानं पातेलं बाहेर ओढलं, कणीक फोडली. मांस सुरीखाली आपोआप सुटत होतं. जिथे लसूण भरला होता, तिथलाच तुकडा त्यानं कापला. असेल तर तिथेच असेल. डाव्या हातात माळ धरली आणि तुकडा तोंडात घातला. अठरा वर्षांनी. चावला, गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्यावर गाजराचा तुकडा ठेवला, का कोण जाणे.

"हे काय करून राह्यले?" दारात बुधरी उभी होती.

त्याचं तोंड भरलेलं होतं.

"माळ गळ्यात हाये अन् तुमी... ताप येईल ना गा. भगतानं काय सांगितलं होतं?"  पुढे होऊन तिनं त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

"बस बुधरे," तो म्हणाला. "आता सांगतो. यात सोमल हाये. देवाजीनं म्हशीत भरला होता. दुपारी तू चाखलं. म्हटलं, तू जाशील तं मी इथी एकटा काय करू. म्हणून मीबी खाल्लं. आता दोघंबी बसू."

बुधरी बसली नाही. उभ्या उभ्या तिनं भट्टीचा कठडा धरला. 

"म्या चाखलंच नाई," ती म्हणाली.

इसरू तिच्याकडे बघत राहिला.

"कधीच नाई चाखलं. अठरा वर्षं. पळी राखेत ओतते मी." तिनं कोपऱ्याकडे बोट केलं. मुंग्यांची रांग तिथे होती, ओली राख होती. "नवराबायको म्हंजे एक जीव. तुमी पाळायचं अन् म्या खायचं, मंग देव कोणाचं धरील? म्हटलं, अर्ध्या व्रतानं ताप परत आला तं? म्हणून म्याबी सोडलं. तुमाले सांगितलं असतं तं तुमी दुसरी चाखणारी कुठून आणली असती? काम गेलं असतं. म्हणून बरोबर हाये, बरोबर हाये म्हणत आली."

तर आधी इसरूच्या जिवात जीव आला. बुधरीला काही झालं नव्हतं, काही होणार नव्हतं. एवढं त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला हसू आलं. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, की खाल्लं ते फक्त त्यानं.

बुधरी तोवर कामाला लागली होती. मिठाचं पाणी आता तिनंच कालवलं, तांब्या भरून, आणि त्याचं डोकं मागे धरून घशात ओतलं. त्यानं ओकलं. पुन्हा ओतलं. पानाखालचं दूधही त्याच्या पोटात गेलं आणि बाहेर आलं. तो दाराशी आडवा झाला. पोटात कळा येत होत्या. कळा सोमलाच्या होत्या, की मिठाच्या पाण्याच्या, की अठरा वर्षं मांस न पाहिलेल्या पोटाच्या, ते कोण सांगणार? पायाला गोळा आल्यासारखा वाटला. त्यानं पाय हलवून पाहिला. हलला, पण थंड होता.

"पाय चोळ," तो म्हणाला.

ती चोळायला लागली. चोळता चोळता रडत होती, आवाज न करता, आणि मध्येच चिडत होती. "मले विचारायचं ना. आधी विचारायचं. एवढं भ्यायलं माणूस, अन् विष खायले भ्यायलं नाई."

"विचारलं असतं तं तू काय म्हटलं असतं?"

ती पाय अजून जोरानं चोळू लागली. चाखलं म्हणाली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिवेलागण झाली. रांधणघरातला कंदील तिनं लावला आणि त्याच्या तोंडावर धरला, डोळे बघायला. इसरूला वाटलं, माणूस मरतो तेव्हा आधी काय जातं? नजर जात असेल का? त्यानं कौलं मोजून पाहिली. नीट दिसत होती. पुन्हा मोजली. "बुधरे, माझ्यामागं इथी राहू नको," तो म्हणाला. "भावाकडं जा." ती म्हणाली, "गप राहा," आणि दुसरा पाय ओढून मांडीवर घेतला.

पाणंदीनं कोणीतरी धापा टाकत आलं. कोलू होता, खांद्यावर कुऱ्हाड. त्याच्यामागे देवाजी. बुधरी उठून उभी राहिली, पण विचारायचा धीर तिला होईना.

"म्या गुरं घेऊन दूर गेलो होतो, देवाजी जंगलभर मले शोधत होता," कोलू म्हणाला. "घरी मान भर दुपारीच खाल्ली सगळ्यांनी. पोरं तिथी अंगणात उड्या मारून राह्यलीत. मले विचार करून करून ओकारी आली, पण ती भीतीनं. काय झालं याले?"

"खांद्यात दोन चिरे होते," इसरू पडल्या पडल्या म्हणाला. "म्या तिथलंच खाल्लं. खरं सांग कोलू, ते चिरे तुझे का?"

"ते? ते माझेच." कोलूनं कुऱ्हाड खाली घेतली, कंदिलापुढे पातं धरलं. धारेला दोन ठिकाणी खांडं पडली होती. "सांधा सापडेना. वाघ तिकडून गुरगुरते अन् माझे हात घाबरे. दोन घाव भलतीकडंच बसले, हाडावर. पाहा ना, धार गेली. विळ्याचा चिरा बारीक असते गा, बोटभर थोडीच असते."

देवाजीनं आपला विळा पुढे केला. पातळ, नवा. त्याच्यानं बोटभर रुंद घाव पडलाच नसता. देवाजी खाली बसला आणि त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. "मागंच भरला मंग म्या," तो म्हणाला. "मागंच." मग उठला आणि नाल्याकडे माणसं न्यायची, उरलेली म्हैस आणखी कोणी नेईल त्याआधी जाळून टाकायची म्हणून, दोघा-तिघांना हाका मारत निघून गेला.

इसरूनं पाय जवळ घेतले आणि उठून बसला. पोट दुखत होतं, पण आता ते नुसतं दुखत होतं.

बंगल्यातून घंटी वाजली. सात वाजले होते. इसरूला उभं राहवेना, म्हणून कोलूनंच अंगावरची घोंगडी काढून ठेवली, हात धुतले आणि कोंबडीचं भांडं, पाव, भात घेऊन तो बंगल्याकडे गेला. रांधणघरात दोघंच उरली. पातेलं उघडंच होतं, वाफ निवली होती, गाजरं तुपानं चमकत होती. बुधरीनं ते झाकून टाकलं. चिरे कोणाचेही असोत, ते आता कोणाच्या पोटात जाणार नव्हतं.

"आता या माळेचं काय?" इसरूनं विचारलं.

"राहू द्या. तुमचं मोडलं तरी माझं हाये ना. अर्धं तं हाये." ती त्याच्या शेजारी टेकली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, हळूच, "कसं लागलं?"

"काय?"

"रोस. अठरा वर्षं आपण करून राह्यलो. कसा लागते तो?"

इसरू आठवू लागला. खाताना त्याला फक्त भीती कळत होती. पण जीभ आपलं काम करत असते. त्याला हळूहळू तूप आठवलं, लसूण आठवला, गाजराचा गोडवा आठवला. तो बोलणार, तेवढ्यात कोलू परत आला.

"साहेब मीठदाणी मागून राह्यला," तो म्हणाला.

बुधरी सवयीनं उठायला लागली. इसरूनं तिचा हात धरला.

"बुधरे," तो म्हणाला, "रोसात मीठ कमी होतं."

"किती कमी?"

"निम्मं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर तोंडापुढे धरला आणि कोपऱ्याकडे वळली, चाखताना वळायची तशीच. तिचे खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे ते कोलूला कळेना. इसरूनं फळीवरची मीठदाणी काढली, काठोकाठ भरली आणि भिंतीचा आधार घेत स्वतःच बंगल्याकडे निघाला.